माप खाणीच्या हाती, पुराव्याचं ओझं गावाच्या माथी

विदर्भातल्या एका भूमिगत कोळसा खाणीचा, पर्यावरण मंजुरीच्या अटींबाबतचा सहामाही अनुपालन अहवाल या आठवड्यात वाचला आणि संताप आला. जमीन खचते का यावर लक्ष ठेवा, या अटीपुढे ‘पालन सुरू आहे’ एवढीच नोंद. कुठे मोजलं, कधी मोजलं, जमीन किती खाली गेली, याचा पत्ता नाही. विहिरींच्या पातळीचे आकडे मात्र आहेत. मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारी असे रकाने भरलेले. पण खाण सुरू होण्यापूर्वी त्याच विहिरींना किती पाणी होतं, हे अहवालात कुठेच नाही. मग आजचा आकडा ताडून पाहायचा कशाशी? खोदण्याआधीचं माप हवं, हे इथे अनेकदा लिहिलं आहे. ते मिळेपर्यंत लिहीत राहीन.

चंद्रपूर जिल्ह्यातलं घुग्घुस वाचकांच्या लक्षात असेलच. 26 ऑगस्ट 2022 रोजी अमराई वॉर्डातलं एक घर उभंच्या उभं जमिनीत गेलं. हादरा जाणवताच घरची माणसं बाहेर धावली, म्हणून वाचली. त्या भागातली खाण तर कित्येक वर्षांपूर्वी बंद झालेली. आपल्या बहुतेक भूमिगत खाणींत छत तोलायला कोळशाचेच खांब ठेवतात. ते पुढे काढले तर छत कोसळतं, वर भेगा जातात आणि विहिरीचं पाणी खाली उतरतं. तसेच सोडले तर ते झिजत राहतात आणि दशकांनंतरही बसू शकतात. म्हणून खाणीला टाळं लागलं की मोजणीही थांबवायची, हे मला धोकादायक वाटतं.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याचा 1994 चा ‘अ‍ॅक्ट 54’ इथे डोळे उघडणारा आहे. ज्याच्या जमिनीखाली खाणकाम होणार, त्या घरमालकाच्या विहिरीची पातळी आणि पाण्याची प्रत आधीच नोंदवायची, ही त्याची सुरुवात. मग खाणीच्या कडेपासून उभ्या रेषेशी 35 अंशांचा कोन धरून वर जमिनीवर एक पट्टा आखला जातो. खाण 200 मीटर खोल असेल, तर हा पट्टा कडेपासून सुमारे 140 मीटर बाहेर पोचतो. त्या पट्ट्यातली विहीर आटली किंवा नासली, तर दोष खाणीचाच असं कायदा धरून चालतो. नसेल, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची. मालकानं आधीची पाहणी करू दिली नसेल, तर मात्र हे संरक्षण त्याला मिळत नाही. शिवाय जमीन, घरं, पाणी आणि ओढ्यांवर काय परिणाम झाला, याचा अहवाल राज्याच्या पर्यावरण खात्याला दर पाच वर्षांनी काढावा लागतो. तो कुणालाही वाचता येतो.

तिथेही सगळं आलबेल नाही. रायरसन स्टेशन उद्यानातला ड्यूक तलाव 2005 मध्ये धरणाला तडे गेल्यामुळे रिकामा करावा लागला आणि पुन्हा भरलाच नाही. 2017 मध्ये ओढ्यांबाबतचे नियम सैल झाले. तरीही धरणाचं नुकसान खाणकामामुळेच झालं, असा निष्कर्ष राज्याच्या खात्यानं काढला आणि 2013 च्या तडजोडीत खाण कंपनीला 3 कोटी 60 लाख डॉलर मोजावे लागले.

आपल्याकडे विहीर आटली की शेतकऱ्यालाच विचारतात, खाणीमुळे आटली कशावरून? पाऊस कमी झाला असेल, तुम्हीच उपसा वाढवला असेल. त्याच्याकडे ना जुनं माप असतं, ना खाणीचा नकाशा. दोन्ही ज्याच्याकडे आहेत, तोच निकाल देतो. विद्यार्थ्यानं स्वतःचीच उत्तरपत्रिका तपासावी, तसं हे आहे.

यंत्रणा नव्यानं उभारायचीही गरज नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी राज्यभर आहेत. खांब काढण्याची परवानगी देण्यापूर्वी वरच्या गावातल्या प्रत्येक विहिरीचं माप याच यंत्रणेनं घ्यावं, खाणीनं नव्हे. जमिनीच्या उंचीची मोजणी खाण बंद झाल्यावरही चालू राहावी आणि दोन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. आणि ठरलेल्या पट्ट्यात विहीर आटली, तर खाण निर्दोष असल्याचा पुरावा खाणीनंच आणावा. हा शेवटचा बदल झाला नाही, तर बाकीची सगळी मोजणी फायलीतच राहील.