फ्रीमेसन व्हायचंय? मग ‘तो’ मेसेज आधी डिलीट करा

‘फ्रीमेसन व्हा, श्रीमंत व्हा’ म्हणत कुणी ऑनलाइन पैसे मागत असेल, तर ती फसवणूकच समजावी. इथे पैसे मिळत नाहीत; उलट वर्गणी भरावी लागते.

भारतात १९६१ पासून ‘ग्रँड लॉज ऑफ इंडिया’ आहे. देव मानणारा प्रौढ पुरुष, सदस्यांची शिफारस आणि गुप्त मतदान, मगच प्रवेश. वाळूज एमआयडीसीत आयटीआयवाला अप्रेंटिस म्हणून लागतो, तशी इथेही पहिली पायरी ‘एंटर्ड अप्रेंटिस’. मग ‘फेलो क्राफ्ट’, शेवटी ‘मास्टर मेसन’. मेसन म्हणजे गवंडी; पायऱ्या त्याच धंद्यातल्या.

बंधुभावाची भाषा जुनी, पण मुंबईत पारशी माणकजी करसेटजींना प्रवेश नाकारला गेला. १८४३ मध्ये भारतीयांसाठी वेगळं ‘रायझिंग स्टार’ लॉज काढावं लागलं. महिलांना या ग्रँड लॉजमध्ये आजही प्रवेश नाही.