हसू नका, वाचा!

होस्टेलमध्ये विषय कुठलाही असो, शेवटी गाडी कमरेखाली येतेच. जोक्स, शिव्या, टोपणनावं... सगळं तिथलंच! पण तिथेच काही झालं तर? एकदम सायलेंट मोड. मी पडलो कॉन्व्हेंटवाला. 'टेस्टिस' डायग्रॅममध्ये लेबल केलेलं, 'वृषण' हा शब्द मात्र या लेखासाठी शोधावा लागला. म्हणजे एक शब्द पुस्तकातला आणि बाकी सगळे शिवीतले. डॉक्टरांसमोर वापरायला मधला शब्दच नाही आपल्याकडे! माझ्या मते खरा धोका तिथेच आहे.

कारण वृषणाचा कॅन्सर हा म्हातारपणाचा आजार नाही. तो जास्त करून 15 ते 35 या वयात होतो, म्हणजे केट्या धरूनसुद्धा आपलं अख्खं इंजिनीअरिंग त्यात बसतं. भारतात तो कमी आढळतो, मान्य. पण त्याची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, आणि न दुखणारी गोष्ट आपण कोणाला दाखवतो थोडीच? सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने सूज अशीच अंगावर काढली. 1996 मध्ये, 25 व्या वर्षी निदान झालं तेव्हा कॅन्सर पोट, फुफ्फुसं आणि मेंदूपर्यंत पोचला होता. (2012 मध्ये डोपिंगमुळे त्याची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं गेली, तो भाग वेगळा. आजार खरा होता.)

तरी तो वाचला, आणि यामागच्या औषधाची गोष्ट तर आपल्याच लॅबमध्ये शोभेल. 1965 च्या सुमारास मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग बॅक्टेरियांवर विजेचा परिणाम बघत होते. बॅक्टेरियांचं विभाजन थांबलं, पण ते करंटमुळे नाही, तर प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून तयार झालेल्या संयुगांमुळे! त्यातूनच सिसप्लॅटिन आलं. 1974 मध्ये इंडियानाच्या डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते दुसऱ्या औषधांच्या जोडीने या कॅन्सरवर वापरलं. 2012 मध्ये आपला युवराज सिंग याच डॉक्टरांकडे गेला होता. त्याची गाठ छातीत होती, पण कॅन्सरची जात हीच. आज वेळेत सापडलं तर शंभरातले पंच्याण्णवहून जास्त बरे होतात.

दर महिन्याला तपासाच, असं सगळेच डॉक्टर म्हणत नाहीत. उगाच भीती वाढते असंही काहींचं मत आहे. मला मात्र वाटतं, आपलं नॉर्मल काय ते आपल्याला माहीत हवं. गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर एकेक वृषण अंगठा आणि बोटांमध्ये हलकेच फिरवून बघायचं, बस. एक थोडं खाली असणं नॉर्मल. मागे मऊ, दोरीसारखं काही लागतं, तेही नॉर्मल. कडक गाठ, वाढलेला आकार किंवा जडपणा जाणवला तर मात्र डॉक्टर गाठायचा. लहानपणी ज्यांचं वृषण खाली उतरलेलं नव्हतं त्यांनी जास्त लक्ष ठेवावं. (आईला विचारा, तिला आठवत असेल.)

आणि शब्दाचं काय? "डॉक्टर, खाली गाठ लागतेय" एवढं पुरतं. पुढे सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी, ते बघतील. बऱ्याच गाठी कॅन्सरच्या नसतातच. आणि समजा एक वृषण काढावं लागलंच, तरी बहुतेकांचं दुसऱ्यावर व्यवस्थित भागतं. लग्न, मुलं, सगळं!