विकलेल्या वस्तूवर पहारा

सौदा पुरा झाला, पैसे चुकते झाले आणि वस्तु घरीं आली, म्हणजे तिच्यावरची विकणाराची सत्ता संपली, हा व्यवहाराचा नियम आमच्याकडे इतका जुना आहे कीं, तो कोणास समजावून सांगण्याचा प्रसंगच येत नाहीं. भंडारा हें पितळी भांड्यांसाठीं नांवाजलेलें गांव. तेथें विकत घेतलेल्या गुंडांत वैनगंगेचें पाणी भरावें कीं मुळा-मुठेचें, हें दुकानदार विचारीत नाहीं. आणि गिऱ्हाइकानें तो गुंड लंडनला नेला, म्हणून त्याचें तोंड आपोआप बंद होत नाहीं. बंद होणारा गुंड कोणी विकावयास काढलाच, तर भर बाजारांत त्याचें हंसें होईल. परंतु नेमका असाच माल चित्रपटांच्या व्यापाऱ्यांनीं पाव शतकाहून अधिक काळ साऱ्या जगास विकला, आणि सुशिक्षित म्हणविणाऱ्या समाजानें त्याविषयीं फारसा शब्दही काढला नाहीं.

डीव्हीडीच्या तबकडीवर जो प्रदेशांक, म्हणजे रूढ भाषेंत रीजन कोड, घातलेला असतो, त्याविषयीं आम्ही बोलत आहों. डीव्हीडी १९९६ सालीं जपानांत आणि १९९७ सालीं अमेरिकेंत बाजारांत आली. तिच्या सोयीसाठीं पृथ्वीचे सहा विभाग पाडण्यांत आले. अमेरिका व कॅनडा पहिल्यांत, युरोप व जपान दुसऱ्यांत आणि भारत पांचव्यांत! या पांचव्या विभागांत आमच्या समवेत पाकिस्तान, बांगला देश, रशिया आणि आफ्रिकेचा बहुतेक भाग आहे. दक्षिण आफ्रिका मात्र उचलून युरोपच्या पंगतीस बसविली आहे. ही वांटणी भाषेची नाहीं, संस्कृतीची नाहीं, आणि भूगोलाची तर नाहींच नाहीं. ती बाजारपेठांची वांटणी आहे, आणि ती करतांना प्रेक्षकास कोणीं विचारलें नाहीं.

घरच्या संगणकांत हा पहारा कसा बसतो तें पाहण्याजोगें आहे. २००० सालच्या आरंभापासून जे डीव्हीडी ड्राइव्ह नियमानुसार तयार झाले, त्यांत प्रदेशांकाची नोंद खुद्द ड्राइव्हच्या पोटांत राहते. समजा, तुमसर किंवा साकोली येथील एका कुटुंबांतील लेक अमेरिकेंतून माहेरीं येतांना कांहीं तबकड्या घेऊन आली. तबकडी पहिल्या विभागाची, ड्राइव्ह पांचव्या. प्रदेश बदलल्यावांचून चित्र दिसावयाचें नाहीं, आणि अशी बदली आयुष्यांत पांचच वेळां करतां येते. विंडोज नव्यानें बसविली किंवा ड्राइव्ह काढून दुसऱ्या संगणकास जोडला, तरी ही मोजणी पुसली जात नाहीं. आज लेकीची तबकडी, उद्यां घरची पांचव्या विभागाची, असा क्रम धरला, तर पांचही बदल्या शिल्लक असल्या तरी लेकीच्या तिसऱ्या तबकडीला तो ड्राइव्ह कायमचा अमेरिकन होतो. आणि भंडारा जिल्ह्यांतल्या घरांत बसून, भारतांत विकलेली पांचव्या विभागाची तबकडी दाखविण्यास साफ नाकारतो. यंत्र घरमालकाचें, तबकडी घरमालकाची, विजेचें बिल घरमालकाचें. हुकूम मात्र तिऱ्हाइताचा!

यावर कोणी म्हणेल कीं, परदेशी करमणुकीसाठीं एवढा आक्रोश कशास? त्यास आमचें उत्तर असें कीं, प्रश्न परदेशी करमणुकीचा नाहीं. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ १९५५ सालचा. त्या चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ सालीं लंडनमधील आगींत होरपळल्या. त्यांतलें वांचलें तेवढें जपून व सांवरून २०१५ सालीं ती त्रयी पुनः पडद्यावर आली, आणि अमेरिकेंतील क्रायटेरियन या संस्थेनें तिच्या तबकड्या काढल्या. ही कामगिरी थोर आहे. तिच्याविषयीं आमच्या मनांत कृतज्ञताच आहे. परंतु त्या डीव्हीडी पहिल्या विभागाच्या आणि त्यांच्या भावंड ब्लू-रे तबकड्या ‘अ’ विभागाच्या. भारत मात्र ब्लू-रेच्या वांटणींत ‘क’ विभागांत. खेडें बंगालचें, भाषा बंगाली, नट भारतीय, आणि ती तबकडी दाम देऊन आणलेल्या भारतीयाच्याच ड्राइव्हला ती चालविण्याची मनाई!

दुसरी बाजू आम्हांस ठाऊक नाहीं असें नाहीं. चित्रपट एका देशांत आधीं, दुसऱ्यांत मागाहून लागतो. आधीं निघालेल्या तबकड्या तेथें पोंचल्या तर चित्रगृहांचें नुकसान होतें, हा त्यांचा पहिला मुद्दा. नव्या चित्रपटापुरता तो क्षणभर मान्य करूं; पण साठ वर्षांपूर्वींच्या चित्रपटास कोणत्या चित्रगृहाचें रक्षण करावयाचें आहे? दुसरा मुद्दा, गरीब देशांत स्वस्त विकतां यावें म्हणून ही तटबंदी हवी. यास ग्रंथव्यवहारानें पूर्वींच उत्तर दिलें आहे. केवळ भारतीय उपखंडांत विक्रीसाठीं अशी सूचना छापलेलीं स्वस्त इंग्रजी पुस्तकें आमच्या कपाटांत आहेत. तें बंधन विक्रेत्यावर असतें. पुस्तक परदेशीं नेलें तर त्याचीं पानें चिकटून बसत नाहींत. व्यापाऱ्यानें व्यापाऱ्यास बांधावें. वाचकाचे डोळे बांधण्याचा अधिकार त्यास कोणीं दिला? झाडीपट्टीच्या नाटकाला तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकास, ‘तुम्ही कोणत्या जिल्ह्याचे?’ असें विचारून कोणी उठवीत नाहीं. शिवाय २०१६ सालीं आलेल्या अल्ट्रा एचडी ब्लू-रे तबकड्यांत प्रदेशांक ठेवलाच नाहीं. इतका अपरिहार्य होता, तर तो गळला कसा?

कायद्याचें म्हणणेंही ऐकण्यासारखें आहे. नॉर्वेच्या यॉन योहान्सन या तरुणावर, डीव्हीडीचें संकेत-कुलूप उघडणारा प्रोग्राम १९९९ सालीं प्रसिद्ध केल्याबद्दल खटला झाला. तेथील न्यायालयानें आणि अपिलाच्या न्यायालयानेंही २००३ सालीं त्यास निर्दोष ठरविलें. ऑस्ट्रेलियानें २००६ सालीं कायदा दुरुस्त करतांना, बाजारपेठांची भौगोलिक वांटणी करणारें कुलूप संरक्षणास पात्र नाहीं, असें स्पष्ट लिहिलें. आमच्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं आलेलें ६५-अ हें कलम तांत्रिक कुलूप मोडणारास दोन वर्षांपर्यंत कैद सांगतें. परंतु मूळ हक्काचा भंग करण्याचा हेतु असेल तरच. अस्सल तबकडी विकत घेऊन घरच्या मंडळींसह पाहण्यांत असा हेतु कोठें आला? तरी पण शंकेस जागा राहूं नये यास्तव ऑस्ट्रेलियासारखें एक स्पष्ट वाक्य आमच्या कायद्यांतही असावें, ही आमची मागणी आहे.

तोंवर ज्यांच्या घरीं अशा तबकड्या आहेत, त्यांनीं संगणकाच्या प्रश्नाला घाईनें ‘होय’ म्हणूं नये. किती बदल्या उरल्या तें आधीं पाहावें. व्हीएलसी हा मोफत प्रोग्राम पुष्कळ ड्राइव्हांवर प्रदेशांकास जुमानीत नाहीं, कांहींवर मात्र त्याचेंही चालत नाहीं. तेथें दुसरा, यूएसबीनें जोडावयाचा ड्राइव्ह घेऊन तो परदेशी तबकड्यांसाठीं राखून ठेवणें हाच बिनधोक मार्ग.

नव्या संगणकांत बहुधा ड्राइव्हच नसतो, तेव्हां हा वाद मृताचा पंचनामा आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. आज इंटरनेटवर चित्रपट दाखविणाऱ्या कंपन्याही देशादेशांची वेगळी यादी ठेवतात, आणि ‘आपल्या देशांत उपलब्ध नाहीं’ ही पाटी तीच जुनी सहा विभागांची वृत्ति पुढें चालवीत आहे. तबकडी निदान हातांत तरी राहत होती. जो समाज हातांतल्या वस्तूवरचा आपला हक्क बोलून दाखवीत नाहीं, त्याला हातांत न येणाऱ्या वस्तूवर कोण हक्क देणार?