लहान घाट, एक हंगाम आणि तेरणेकाठच्या विहिरी

धाराशिव जिल्ह्यात मांजरा, तेरणा, सीना या नद्यांच्या वाळूचा विषय निघाला की एक युक्तिवाद ठरलेला असतो. घाट दोन-चार हेक्टरांचा, उपसा पावसाळा सोडून काही महिन्यांचा. एवढ्याशा कामाला पर्यावरणाचा अभ्यास कशाला? शिवाय सप्टेंबर २०२५ च्या पुराने वाळू आणूनच टाकली आहे.

यातला 'एवढ्याशा'चा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजीच दीपक कुमार खटल्यात खोडला. त्याआधी ५ हेक्टरांखालच्या गौण खनिजाच्या पट्ट्यांना पर्यावरण मंजुरी लागत नसे, म्हणून मोठ्या क्षेत्राचे तुकडे पाडून ती चुकवता येई. तुकडे कागदावर पडतात, पात्र सलगच राहते. मध्येच खोल खड्डा पडला की वरच्या अंगाची वाळू त्यात घसरते, खालच्या अंगाला जाणारी तिथेच अडते आणि पुढच्या गावचे पात्र उघडे पडते. शेजारच्या चार घाटांची मिळून होणारी हानी एकाही घाटाच्या कागदपत्रात दिसत नाही.

नदी दरवर्षी भरते, हे तर मराठवाड्यात गृहीत धरूच नये. धनेगावचे मांजरा धरण, माकणीचे निम्न तेरणा, परंड्याकडचे सीना-कोळेगाव ही धरणे पाण्याबरोबर वाळूही अडवतात. भूम-परंडा भागात २०२५ च्या पुराने शेते खरवडून नेली. पात्रात आलेल्या भरीत त्या शेतांची मातीही आहे. ती वाळू म्हणून मोजणे चूक आहे. शिवाय असा पूर दरवर्षी येत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. एका महापुरावरून दहा वर्षांचा हिशेब बांधता येत नाही.

खरी किंमत पाण्यात मोजावी लागते. १ हेक्टर पात्रात १ मीटर जाडीचा थर म्हणजे १०,००० घनमीटर, सुमारे ३,५०० ब्रास वाळू. तिच्या आकारमानाचा पाचवा हिस्सा जरी झिरपून मिळणारे पाणी धरला, तरी ते २० लाख लिटर होते. १०,००० लिटरचे २०० टँकर! आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि नदीच्या वाळूत. काठच्या विहिरी त्यावरच तग धरतात.

मग उपसा बंदच करावा का? नाही. घरकुलवाल्याला वाळू लागतेच, आणि सरसकट बंदीत ती रात्री टिप्परने जाते, मोजमापाविना जाते आणि त्यालाच महाग पडते. कृत्रिम वाळूचे २०२५ चे राज्य धोरण योग्य दिशेचे आहे, पण तिचा दगड बालाघाटच्या डोंगरातूनच फोडायचा असेल तर खाणींनाही हीच कसोटी लावावी लागेल.

माझे म्हणणे एवढेच, की उपशाचा आकडा मागणीवरून ठरू नये. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पात्राची पातळी घ्यावी; जी भर पडली तिच्यातलाच हिस्सा काढावा, भर नसेल त्या वर्षी घाट लिलावात येऊच नये. वाळूच्या पुनर्भरणाच्या अभ्यासाशिवाय उपशासाठीचा जिल्हा सर्वेक्षण अहवाल ग्राह्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केलेच आहे. नियमात खोलीची मर्यादा ३ मीटर किंवा पाण्याची पातळी, यांपैकी जे कमी ते, अशी आहे. इथे तेवढ्याने भागणार नाही. पाण्याच्या वर कोरड्या वाळूचा एक थर राखावा, पोकलेन पात्रात उतरू देऊ नये, आणि काठच्या विहिरींची पातळी हंगामभर मोजावी. ठरलेल्या खुणेखाली पाणी गेले, की मुदत शिल्लक असली तरी उपसा थांबावा.

महसूल बुडेल, हा शेवटचा आक्षेप. ज्या तहसील कार्यालयात रॉयल्टीची नोंद होते, तिथेच उन्हाळ्यात टँकरचे प्रस्ताव येतात. हे दोन्ही आकडे लिलावाआधी एका कागदावर मांडावेत, आणि घाटाच्या खालच्या अंगाला असलेल्या गावांच्या ग्रामसभेतही वाचून दाखवावेत.