खेळ हाताचा, माप इमानाचे

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका सुतार भाईंनी एका क्लबला दहा कॅरम बोर्ड करून दिले. आठ दिवसांत त्यांपैकी सहा परत आले. सुतार भाई आमच्या दुकानावर येऊन बसले आणि म्हणाले, "सेठ, लाकूड चांगले घातले, पॉलिश चांगले मारले, तरी नावे ठेवतात. पैसे द्यायचे नाहीत, दुसरे काय?" आम्हांसही प्रथम तसेच वाटले. परंतु आमची उमर कापड मोजण्यात गेली. पन्हा मोजल्याशिवाय ताक्याविषयी बोलू नये, ही सवय लागलेली. म्हणून टेप आणि व्हर्निअर घेऊन आम्ही दोघे ते सहा बोर्ड मोजायला बसलो. एका बोर्डाचे चार होल चार मापांचे निघाले. दोन बोर्डांचा प्लाय मधोमध फुगला होता. क्लबवाले खरे होते आणि आमचे सुतार भाई, नीयत साफ असूनही, चुकलेले होते.

त्या दिवसापासून हा विषय आमच्या डोक्यातून गेला नाही. कॅरमसारखा टेबलावरचा नेमाचा खेळ हा हाताच्या हुनराची कसोटी घेण्यासाठी असतो. पण एक होल मोठा आणि दुसरा लहान असेल, तर ज्याच्या वाट्याला मोठा होल आला तो जिंकतो. बोर्ड फुगलेला असेल तर अचूक नेम धरणाऱ्याची सोंगटी वाकडी जाते आणि आंधळेपणाने मारणाऱ्याची आत पडते. म्हणजे कारागिराने माप ढिले ठेवले की हाताचा खेळ नशिबाचा खेळ होऊन बसतो. आमच्या मते असा खेळ घडवणाऱ्या प्रत्येक कारागिराने आणि विकणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने ही एक गोष्ट गाठीस बांधून ठेवावी.

मापातोलात कमी देणाऱ्यांविषयी कुरआन शरीफात सूरह मुतफ्फिफीन ही स्वतंत्र सूरत आहे. आपण ती तराजू आणि गजाला लावतो. होलाच्या आणि सोंगटीच्या मापालाही ती लागू पडते, हे आपल्या ध्यानात येत नाही. सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत जुगार हराम ठरविला आहे. खेळाडूंनी प्रत्येकी पैसे टाकायचे आणि जिंकणाऱ्याने ते उचलायचे, हा प्रकार कॅरमवर झाला तरी जुगारच होय. पैसा नको, नमाजची वेळ टळायला नको आणि खेळात हाताच्या मेहनतीला मोल असावे, एवढे सांभाळले तर मोहल्ल्यातील पोरांना मोबाईलवरच्या पैशांच्या खेळांतून बाहेर काढायला असा खेळ उपयोगी पडेल. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो उगीच नव्हे. घरे बरबाद होत होती. मसल्याची बारकाई ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावी. आम्ही व्यापारी आहोत, मुफ्ती नव्हे.

मापे काय सांगतात

आता कामाचे बोलू. नवा खेळ बनवायचा असेल तर आधी जुने, चाललेले खेळ का चालले ते पाहावे.

कॅरमची अधिकृत मापे ठरलेली आहेत. खेळायची जागा चौरस, बाजू ७३.५ ते ७४ सेंटीमीटर. प्लायची जाडी किमान ८ मिलीमीटर. होलाचा व्यास ४.४५ सेंटीमीटर. सोंगटी ३.०२ ते ३.१८ सेंटीमीटर व्यासाची आणि ५ ते साडेपाच ग्रॅम वजनाची. स्ट्रायकर जास्तीत जास्त ४.१३ सेंटीमीटर व्यासाचा आणि १५ ग्रॅमचा. हे आकडे सहज म्हणून ठरलेले नाहीत. स्ट्रायकर सोंगटीच्या जवळजवळ तिप्पट वजनाचा आहे, म्हणून धक्का दिल्यावरही तो पुढे चालत राहतो आणि त्याला आवरणे हाच हुनर ठरतो. सोंगटीला होलात सव्वा सेंटीमीटरची मोकळीक आहे, तर स्ट्रायकरला जेमतेम ३ मिलीमीटरची. ज्याचा हात ताब्यात नाही त्याचा स्ट्रायकर होलात जातो आणि दंड भरावा लागतो. नेम आणि ताबा, दोन्हींची परीक्षा एकाच फटक्यात होते.

दुसरा खेळ कॅनडाचा, क्रोकिनोल. त्याचा सर्वांत जुना माहीत असलेला बोर्ड ऑन्टॅरिओ प्रांतात १८७६ साली बनला. हा बोर्ड गोल असतो आणि खेळायच्या जागेचा व्यास २६ इंच. मध्यभागी उथळ खड्डा, त्याचे २० गुण. भोवती वर्तुळे, त्यांचे १५, १० आणि ५ गुण. आतल्या वर्तुळावर आठ खुंट्या पहारा देतात. चकती सव्वा इंचाची आणि खड्डा १ इंच ३ सूत, म्हणजे मोकळीक फक्त एका सुताची, पुन्हा तेच ३ मिलीमीटर! दोन मुलुख, दोन निराळे कारागीर, पण हाताची परीक्षा घ्यायची तर मोकळीक किती ठेवावी याविषयी दोघांचा अंदाज एकच निघाला. शिवाय प्रतिस्पर्ध्याची चकती बोर्डावर असेल तर आधी तिला धक्का लावलाच पाहिजे, असा तेथे नियम आहे. त्यामुळे नुसता नेम पुरत नाही, अक्कलही लागते. १९९९ पासून ऑन्टॅरिओतील टॅव्हिस्टॉक गावी या खेळाची जागतिक स्पर्धा भरते. एका लहान गावाचे नाव एका लाकडी पाटाने जगात नेले.

आपल्याकडेही तसे झाले आहे. आंतरराष्ट्रीय कॅरम फेडरेशन १९८८ साली चेन्नईत स्थापन झाले. १९९१ ची पहिली जागतिक स्पर्धा चेन्नईच्या मारिया इरुदयम यांनी जिंकली आणि १९९६ सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. २०२४ साली अमेरिकेत झालेल्या सहाव्या विश्वचषकात चेन्नईच्याच एम. काझिमा या रिक्षाचालकाच्या मुलीने तीन सुवर्णपदके मिळविली. गरिबाच्या घरात मावणारा हा खेळ आहे, पण त्याचा बोर्ड मापात नसेल तर त्या घरातील मुलाने केलेला वर्षभराचा सराव वाया जातो. नुकसान एका ऑर्डरपुरते राहत नाही.

नवा पाट कसा घडवावा

आता आमची सूचना. कॅरमला जागा चौफेर लागते. आपल्या मोहल्ल्यातील खोल्या लहान, म्हणून लांबट पाटाचा खेळ घडवावा. आम्ही त्याच सुतार भाईंकडून एक नमुना करून घेतला. लांबी ३६ इंच, रुंदी १२ इंच. एका टोकापासून ४ इंचांवर मारायची रेघ. दुसऱ्या टोकापासून ८ इंचांवर मध्ये उथळ खड्डा. त्याभोवती २ आणि ४ इंच त्रिज्येची दोन वर्तुळे. खड्ड्याच्या पुढे, बाहेरच्या वर्तुळावर, एकमेकींपासून ३ इंच अंतरावर दोन खुंट्या. तिन्ही कडांना खोलगट पन्हळ, म्हणजे जोर जास्त झाला की चकती गेली. दोघांनी सहा-सहा चकत्या आळीपाळीने बोटाने मारायच्या. खड्ड्यात ५ गुण, आतल्या वर्तुळात ३, बाहेरच्यात १. फासा नाही, पत्ता नाही. जे काही घडेल ते बोटाने घडेल.

खड्ड्याचे माप आम्ही पहिल्यांदा चुकवले. दोन इंचांचा केला आणि सव्वा इंचाची चकती घेतली. रोज कॅरम खेळणारा आमचा पुतण्या आणि कधीच न खेळलेला दुकानातील नोकर, दोघांना ५०-५० फटके मारायला लावले. दोघांचे आकडे जवळपास सारखे आले. म्हणजे त्या पाटाने हुनराची परीक्षा घेतलीच नाही. खड्डा लहान केला, तेव्हा पुतण्या पुढे गेला. आमच्या मते हीच खरी कसोटी आहे. सराव असलेला आणि नवखा यांच्यात पाटाने फरक दाखवला पाहिजे. तसेच खड्डा इतका लहानही नको की सराव असलेल्याचीही चकती चुकूनच आत जावी, कारण तेथेही नशीबच राज्य करते.

दुसरी कसोटी पाटाची. चकती रेघेवरून मधोमध सरळ सोडावी. दहा वेळा सोडून ती दर वेळी एकाच बाजूला वळत असेल, तर दोष हाताचा नाही, पाटाचा आहे. प्लायचे थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून तो अखंड फळीपेक्षा कमी वाकतो. तरी आपल्या पावसाळ्यात उघडी कड पाणी ओढते. म्हणून पाटाची वरची बाजू जेवढी पॉलिश कराल तेवढीच खालची बाजू आणि कडाही करा. आमच्या सुतार भाईंनी वरची बाजू आरशासारखी केली आणि खालची कोरी सोडली होती, त्यातच ते बोर्ड फुगले.

तिसरी गोष्ट चकत्यांची. त्या खरादीवर एकाच लाकडाच्या, एकाच जाडीच्या काढाव्यात आणि सोनाराच्या काट्यावर तोलून जोड्या लावाव्यात. आपल्या सावंतवाडीचे आणि कर्नाटकातील चन्नपट्टणचे लाखकाम करणारे कारागीर हे काम झोपेतही करतील. पावडरीविषयीही सावध राहा. कॅरमला बोरिक पावडर वापरतात, ती पोटात जाणे चांगले नाही. लहान मुलांच्या पाटासोबत ती देऊ नये आणि खेळून झाल्यावर हात धुवायला सांगावे.

माप टिकवायचे कसे? त्यासाठी मोठे यंत्र नको. लोखंडाच्या दोन चकत्या करून घ्या, एक ठरल्या मापाच्या थोडी आतली आणि एक थोडी बाहेरची. पहिली प्रत्येक खड्ड्यात गेली पाहिजे, दुसरी एकातही जाता कामा नये. खुंट्यांसाठी आणि रेघांसाठी एकदा पत्र्याचा फर्मा कापून ठेवा. सुतार भाईंना आम्ही हे दोन्ही करून दिले. त्यांचा वेळ वाचला आणि डोळ्यांच्या अंदाजावरचा भारही उतरला.

बाजाराचे चार शब्द

कित्येकजण विचारतात, नमुना बाजारात आणला आणि दुसऱ्याने उचलला तर? कायदा समजून घ्या. १९७० च्या पेटंट कायद्यात खेळण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही, तसे कलमच आहे. पाटाच्या दिसण्याला, नक्षीला मात्र २००० च्या डिझाइन कायद्याखाली आधी दहा आणि वाढवून पुढे पाच वर्षे संरक्षण मिळते, पण त्यासाठी माल बाजारात दाखवण्याआधी अर्ज केला पाहिजे. नावाची ट्रेडमार्क नोंदणी दहा वर्षांची असते आणि ती पुढेही चालू ठेवता येते. म्हणजे नियम कोणीही उचलील, नाव आणि त्या नावाची पत तेवढी आपली राहील.

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आय.एस.आय. मार्क सक्तीचा आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या मालाला त्यातून सूट दिलेली आहे, तेव्हा कारागीर कार्ड काढून घेण्यात आळस करू नये. खेळण्यांवरील आयात कर २०२० साली २० वरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के झाला. कॅरम, बुद्धिबळ, लुडो अशा खेळांवरचा जी.एस.टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बाहेरच्या स्वस्त मालाने आम्हांला मारले, ही तक्रार आपण पुष्कळ वर्षे केली. आज दार थोडे उघडले आहे. आत जाताना हातात ढिल्या मापाचा माल असेल तर दार पुन्हा बंद होईल आणि त्या वेळी दोष देण्यास दुसरे कोणी असणार नाही.

व्यापारी बंधूंनाही एक सांगणे आहे. कारागिराकडून भाव पाडून माल घ्यायचा आणि नंतर "क्वालिटी नाही" म्हणून बोंब मारायची, हे आपण सोडले पाहिजे. दोन्ही बाजूंना पॉलिश, तोललेल्या चकत्या, तपासलेला खड्डा, याला वेळ लागतो आणि वेळेची मजुरी असते. ती द्या आणि मग मापात एक सूतही सोडू नका. प्रत्येक पाटाच्या पाठीमागे मापाची चिठ्ठी चिकटवा: खड्डा अमुक, चकतीचे वजन अमुक, बनवणारा अमुक. गिऱ्हाईक दोन वेळा मोजून पाहील, तिसऱ्यांदा मोजणार नाही. कापडात आम्ही हे अनुभवले आहे. ज्या मागवाल्याचा पन्हा कधी कमी भरला नाही, त्याचा ताका आज कोणी उलगडूनही पाहत नाही.

सुतार भाईंचे ते सहा बोर्ड? त्यांनी ते क्लबच्या माथी पुन्हा मारले नाहीत. चौकटी सोडवल्या, नवा प्लाय घातला, लोखंडी चकत्यांनी होल तपासले आणि दीड महिन्याने स्वतः हातगाडीवर नेऊन दिले. त्या कामात त्यांना नफा राहिला नाही. क्लबवाल्यांनी मात्र हिशेब चुकता केला आणि आणखी चार बोर्ड सांगितले. या वेळी त्यांनी टेप आणला नव्हता.

अल्लाह तआला आपल्या कारागिरांच्या हातात बरकत आणि आपणा व्यापाऱ्यांच्या मापात इमान देवो. आमीन.