पावडरच्या डब्याआधी ताटाकडे पाहू या

अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले एक आजोबा गेल्या पावसाळ्यात सुनेबरोबर दवाखान्यात आले. रोजच्या भाजीबाजारातून घरी परतताना ते वाट चुकले होते. सुनेच्या पिशवीत अमिनो आम्लांच्या पावडरचा महागडा डबा होता. “डॉक्टर, बाबांना ही सुरू करू का? स्मरणशक्ती सुधारते म्हणतात,” तिने विचारले. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या अनेक घरांतून हा प्रश्न मला विचारला जातो. म्हणून आज त्याविषयी.

वाचकहो, आपण खाल्लेली प्रथिने पचली की त्यांची अमिनो आम्ले होतात. त्यांपैकी नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन आणि टायरोसिनपासून डोपामिन ही मेंदूतील संदेशवाहक द्रव्ये बनतात. त्यामुळे पावडरीमागचा विचार निराधार नाही. जपानमध्ये 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 55 वर्षांवरील 105 व्यक्तींपैकी काहींना 12 आठवडे सात अमिनो आम्लांचे मिश्रण दिले, तेव्हा अवधानाच्या काही चाचण्यांत सुधारणा आढळली. परंतु त्या व्यक्ती स्मृतिभ्रंशाचे रुग्ण नव्हत्या आणि अभ्यासात मिश्रण बनवणाऱ्या कंपनीचा सहभाग होता. अशा पावडरीने स्मृतिभ्रंश थांबतो, हे सिद्ध झालेले नाही.

आपल्याकडे अधिक लक्ष द्यावे असे अमिनो आम्ल वेगळेच आहे. त्याचे नाव होमोसिस्टिन. ते शरीरातच तयार होते आणि जीवनसत्त्व बी 12 व फोलेट यांच्या साहाय्याने त्याचा निचरा होतो. बी 12 कमी पडले की ते रक्तात साचते. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पुणे परिसरातील 441 मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांत बी 12 कमी आढळले. शाकाहार, उतारवयात मंदावणारे शोषण, मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि दीर्घकाळ घेतलेल्या आम्लपित्ताच्या गोळ्या ही त्याची कारणे. या कमतरतेने विस्मरण होते, पायांना मुंग्या येतात, तोल जातो. वेळीच उपचार झाले तर यातले बरेचसे भरून निघते. उशीर झाला तर नाही.

आमचे आजोबा बारा वर्षे मेटफॉर्मिन घेत होते. मुलगा व सून सकाळच्या लोकलने कामाला जात. झाकून ठेवलेले जेवण तसेच राही. आजोबांची दुपार चहा-खारीवर निघे. तपासणीत बी 12 फारच कमी निघाले. इंजेक्शने सुरू केली, शेजारच्या आजींनी दुपारी जेवायला सोबत बसायचे ठरले. तीन महिन्यांनी आजोबा बाजारातून एकटे परत येऊ लागले. प्रत्येकाचे असे होत नाही, हेही सांगितले पाहिजे. काहींचा स्मृतिभ्रंश खराच असतो. तिथे काळजीवाहकांनाही आधार लागतो.

म्हणून विस्मरण वाढले की आधी बी 12, थायरॉइड व रक्तातील साखर तपासून घ्यावी. ऐकू येते का, मन उदास आहे का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, अलीकडे पडून डोक्याला मार लागला का, हेही डॉक्टरांना सांगावे. ज्येष्ठांना दररोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे 1 ग्रॅम प्रथिने हवीत. तांदूळ-गव्हात लायसिन कमी असते, ते डाळी भरून काढतात; म्हणून वरण-भात, मुगाची उसळ किंवा सिंधी घरांतील साई भाजी-भात हे उत्तम मेळ आहेत. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिने मिळतात. दूध, दही, मासळी चालत असेल तर बी 12 चाही थोडा लाभ होतो. मात्र एकदा कमतरता झाली की औषधच लागते.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण स्वतः वाढवू नये. कंपवातासाठी लेव्होडोपा घेणाऱ्यांत अमिनो आम्ले त्या औषधाच्या शोषणात अडथळा आणतात. नैराश्यावरील गोळ्यांबरोबर ट्रिप्टोफॅनची पूरके धोकादायक ठरू शकतात. डबा उघडण्यापूर्वी तो डॉक्टरांना दाखवावा.

आणि आज घरी गेल्यावर एवढे अवश्य पाहावे: दुपारचे झाकलेले ताट रिकामे झाले आहे का?