काम नसताना उभी असलेली बाई



या अंकाच्या मुखपृष्ठासाठी आम्ही मुंबईच्या रस्त्यांवरची जुनी कृष्णधवल छायाचित्रे पाहत होतो. त्यांत बायका भरपूर सापडल्या. डोक्यावर पाटी घेतलेल्या, नळावर रांगेत उभ्या, लोकलकडे धावणाऱ्या. कॅमेऱ्यामागे मात्र बाई क्वचितच. असे का? हा प्रश्न केवळ फोटोग्राफीचा नाही, म्हणून या वेळी त्यावरच लिहिते आहे.

रस्त्यावरचे जगणे टिपायचे तर रस्त्यावर रेंगाळावे लागते. रोलमध्ये 12 किंवा 36 चित्रे, प्रत्येकाला पैसे पडणार आणि चित्र कसे आले ते रोल धुतल्यावरच कळणार. म्हणून हवा तो क्षण येईपर्यंत कोपऱ्यावर थांबायचे. पुरुष असा थांबला तर त्याला कोणी हटकत नाही. बाई थांबली की 'कोणाची वाट बघताय?' इथपासून सुरुवात होते. आपल्या भुसावळचेच पाहा ना! एवढे मोठे जंक्शन, रात्रंदिवस जाग. पण स्टेशनबाहेर चहाच्या गाडीपाशी नुसतीच उभी असलेली बाई दिसते का? तिच्या हातात पिशवी हवी, कडेवर मूल हवे, नाही तर गाडीची वेळ तरी व्हायला हवी. मुंबईतही फार वेगळे नाही. बाईला शहरात वावरण्यासाठी सतत कारण दाखवावे लागते, हे शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 साली 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात मांडले आहे.

तरीही काहीजणी उभ्या राहिल्या. होमाई व्यारावाला (1913-2012) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. 1930 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी या शहराचे रोजचे जगणे आणि आपल्या वर्गमैत्रिणी टिपल्या. मोकळ्या, आपल्यातच रमलेल्या तरुण मुली. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज त्यांना मान आहे. पण सुरुवातीची त्यांची चित्रे छापून आली ती पती माणेकशॉ यांच्या नावाने. कष्ट तिचे, नाव त्याचे. शेतात राबूनही सातबाऱ्यावर नाव नसलेल्या खानदेशातल्या बायकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पद्मविभूषण मिळाले ते 2011 साली, वयाच्या 97 व्या वर्षी. पुढच्या पिढीत सुनी तारापोरवाला यांनी 1970 च्या दशकापासून मुंबई कृष्णधवल चित्रांत टिपली, स्वतःच्या नावाने.

याला दुसरीही बाजू आहे. काळ्या-पांढऱ्या रंगांत म्हातारीच्या सुरकुत्या, फाटके लुगडे फार 'कलात्मक' दिसते. चित्राचे कौतुक होते, प्रदर्शन भरते. त्या म्हातारीला मात्र आपला फोटो निघाला हेही ठाऊक नसते. सामाजिक संस्थांच्या अहवालांतही वस्तीतल्या बायकांचे असे बिननावाचे फोटो सर्रास दिसतात. आधी विचारले तर क्षण निसटतो, असे छायाचित्रकार म्हणतात. ते खरे आहे. पण नंतर तर विचारता येते! तिला चित्र दाखवता येते, एक प्रत देता येते, आणि ती नको म्हणाली तर बाजूला ठेवता येते. म्हणून आपल्या अंकापुरते आम्ही ठरवले आहे, की चेहरा ओळखू येत असेल तर त्या बाईच्या संमतीशिवाय फोटो छापायचा नाही. आणि छापला तर एक अंक तिच्या हाती पोचवायचा.

आज रोल परवडण्याचा प्रश्न उरलेला नाही, घराघरांत मोबाइल आहे. पण रस्त्यावर विनाकारण उभे राहण्याची मुभा मोबाइलबरोबर मिळालेली नाही. ती आपल्यालाच घ्यावी लागेल. एकटीला अवघड वाटत असेल तर दोघी-तिघी मिळून बाहेर पडा. बाजारात, स्टेशनबाहेर, चौकात थोडा वेळ नुसत्या उभ्या राहा. जे दिसेल ते टिपा, समोरच्या बाईशी बोला, आणि चित्र आमच्याकडे पाठवा. खाली नाव मात्र स्वतःचेच लिहा.